बूस्ट कमी करा, चावी मात्र द्या!

दिवाळी आली की आमच्या कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर दोन गोष्टी एकदम वाढतात. एक, भाताच्या पेंढ्यांनी भरलेले टेम्पो. आणि दुसरी, मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या मोटारी. पेंढ्याचा टेम्पो हळू जातो, कारण त्याच्यावर घरच्या गुराढोरांचे वर्षाचे पोट लादलेले असते. मोटार भरधाव जाते, कारण आतल्या मंडळींना रविवारी रात्री परत पोचायचे असते. या मंडळींशी माझे वैर नाही. त्यांच्या फार्महाउसांमुळे आमच्याकडच्या माळ्याला, गवंड्याला आणि स्वयंपाकाच्या बाईला काम मिळते, हे मला ठाऊक आहे. माझे भांडण आहे ते फक्त एका वाक्याशी. ते वाक्य असे : "गाडीचा बूस्ट जरा कमी करून द्या, आमच्या मुलाला चालवायची आहे."

हे वाक्य उच्चारले गेले ते खोपोलीत, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात. हा मुलगा शाळेत व्याकरणात कच्चा होता. समास विचारला की खिडकीबाहेर बघायचा. पण रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून त्याचे कोणते दुखणे आहे, हे तो आठवीतच सांगायचा. आज तालुक्यात त्याचे नाव आहे. यंदा श्रावणातल्या एका संध्याकाळी तो माझ्या अंगणात येऊन बसला.

"गुरुजी, एक विचारायचं होतं. एक काम आलंय. करू की नको?"

"अरे, मोटारीतलं मला काय कळतं? माझी मजल मॅट्रिकपर्यंत. कादंबरीतल्या पात्रांनासुद्धा मी अजून एस.टी.नंच पाठवतो."

"मोटारीचं नाही विचारत गुरुजी. माणसाचं विचारतोय."

मग त्याने हकीकत सांगितली. मुलगा सतरा वर्षांचा. अठराव्याला चार महिने कमी. गाडी परदेशी बनावटीची, बसकी, टर्बोची. वडिलांची इच्छा अशी की, दिवाळीच्या सुट्टीत मुलाने फार्महाउसपासून खोपोलीपर्यंत गाडी फिरवावी; मात्र काळजी म्हणून तिचा जोर कमी करून घ्यावा. आणि उठता उठता तो खाली बघून म्हणाला, "गाडी तीच आहे, गुरुजी."

ती म्हणजे कोणती, हे त्याला सांगावे लागले नाही.

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेची नववीतली एक मुलगी वाडीवरून शाळेला येत होती. आमच्याकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरची मुले डोंगर उतरून येतात आणि मग डांबरी रस्त्याच्या कडेकडेने चालतात. पदपथ नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला मोटारी. एका वळणावर ही गाडी आली आणि मुलीला उडवून पुढे जाऊन थांबली. मांडीचे हाड मोडले. तीन महिने पाय बांधलेला होता. पैसे मिळाले, तडजोड झाली, आणि गाडी ड्रायव्हर चालवत होता असे कागदावर आले. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ती पोर मला हळूच म्हणाली, "गुरुजी, त्याला मिशीपण नव्हती हो."

त्या ड्रायव्हरला मी पाहिला आहे. त्याच्या मिशा पांढऱ्या आहेत.

आता हा बूस्ट म्हणजे काय, ते मला माझ्या विद्यार्थ्याने आमच्या न्हाणीच्या चुलीपुढे बसून समजावले. चुलीत फुंकणी घालून फुंकले की जाळ भडकतो. जास्त हवा, जास्त जाळ. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. गंमत अशी की, ती फुंकायला दुसरे कोणी लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक चक्र फिरवतो, त्या चक्राच्या दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि त्या जास्तीच्या हवेबरोबर जास्तीचे इंधन जळते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवेचा हा जो जास्तीचा दाब, तोच बूस्ट.

दाब फार वाढला तर इंजिन फुटेल. म्हणून धरणाला जसा सांडवा, तसे टर्बोला एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. ठरलेला दाब आला की ती उघडते आणि धूर चक्राला टाळून परस्पर निघून जातो. हल्लीच्या गाड्यांत ही झडप केव्हा उघडायची ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो. बूस्ट कमी करायचा म्हणजे लॅपटॉप लावून त्या संगणकाला सांगायचे की, बाबा, सांडवा जरा लवकर उघड. झाले काम!

"मग यात वाईट काय?" मी विचारले. "जोर कमी झाला तर बरंच की."

"जोर कमी होतो गुरुजी. पण साहेबांना वाटतंय गाडी गरीब होईल. तशी ती होत नाही."

हा हिशेब मी आमच्या गणिताच्या सरांकडून दुसऱ्या दिवशी फळ्यावर करून घेतला. वाचकांनीही जरूर करून पाहावा. मोटार वेगात असताना तिला मुख्य अडवणूक करते ती हवा. ही अडवणूक वेगाच्या वर्गाने वाढते, आणि तिला पुरून उरायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे उलट हिशेबाने, इंजिनाची शक्ती एक तृतीयांशाने कापली तरी गाडीचा कमाल वेग आठव्या हिश्शानेच कमी होतो. ताशी २४० किलोमीटर जाणारी गाडी २१० जाईल. कर्जत-खोपोली रस्त्यावर, शाळा भरायच्या वेळी, २४० आणि २१० यांत फरक तो काय? गाडी उचल कमी घेईल हे खरे. जागच्या जागी झेप घ्यायची तिची खोड थोडी मोडेल हेही खरे. पण ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते, आणि समोरचे माणूस डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. हे २८ मीटर कोणत्या संगणकात बसून कमी करणार? तो सेकंद इंजिनात नसतो. तो चालवणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि अनुभवाने, भीतीने, शहाणपणाने तो लहान होत जातो.

शिवाय आमचा मुलूख घाटाच्या पायथ्याचा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना बूस्ट लागतोच कुठे? तिथे पृथ्वीच फुंकणी फुंकते. दोन टनांची गाडी उताराला लागली की टर्बो झोपलेला असला तरी वेग आपोआप चढतो. पृथ्वीच्या ओढीला वेस्टगेट नाही.

ही गोष्ट आमच्या रेल्वेला दीडशे वर्षांपूर्वी कळली होती. बोरघाटातून गाडी धावू लागली ती १८६३ साली. चढ ३७ ला १. चढताना कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, ती सगळेच कौतुकाने बघतात. पण खरे शहाणपण आहे ते उतरणीला. घाटात ठिकठिकाणी आडवळणाचे फाटे काढून ठेवले, आणि सांधे नेहमी त्या फाट्यांच्या बाजूलाच लावलेले ठेवायची पद्धत पाडली. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवील, तेव्हा तिला पुढची मुख्य वाट खुली व्हायची. ताबा सुटलेली गाडी चढाच्या फाट्यावर जाऊन आपोआप थांबावी, हा त्यामागचा हेतू. म्हणजे रेल्वेने काय गृहीत धरले? गाडीचे ब्रेक निकामी आहेत, असे! ते चालू आहेत हे गाडीने सिद्ध करावे, मग पुढे जावे. आमचे मोटारवाले वडील नेमके उलटे गृहीत धरतात. मुलगा शहाणा आहे, असे. तो नाही, हे रस्त्याने सिद्ध करावे. आणि रस्ता ते सिद्ध करतो, तेव्हा पाय मोडतो तो माझ्या विद्यार्थिनीचा.

या वडिलांची बाजू मला कळत नाही असे नाही. त्यांना भीती वाटली, ही त्यांच्या जमेची गोष्ट. कित्येकांना तीही वाटत नाही. त्यांच्यासारखे लोक जे मुद्दे मांडतात ते पोकळ म्हणून उडवून लावण्याचा माझा विचार नाही.

पहिला मुद्दा : "परदेशातसुद्धा नवशिक्यांच्या गाड्यांचा जोर कमी ठेवतात." खरे आहे. इटलीत नव्या परवानाधारकाला पहिली तीन वर्षे फार ताकदीची गाडी चालवता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात तर पूर्वी नवशिक्यांना टर्बोच्या पेट्रोल गाड्यांना सरसकट बंदी होती. पुढे छोट्या साध्या गाड्यांतही टर्बो येऊ लागला, तेव्हा नियम बदलून वजनाच्या एका टनामागे १३० किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती नको, असे ठरले. मला हे नियम आवडतात. आपल्याकडेही ते यावेत. आज आपला परवाना ५० अश्वशक्तीच्या गाडीला जो, तोच ५०० अश्वशक्तीच्या गाडीला, हा शुद्ध वेडेपणा आहे. पण एक लक्षात घ्या. ही अट तिथे परवान्याच्या वर घातलेली आहे, परवान्याच्या बदल्यात नव्हे. न्यू साऊथ वेल्समधल्या कोवळ्या पोराला तो नवशिक्याचा परवाना मिळण्यापूर्वी मोठ्या माणसाला शेजारी बसवून १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते. आपण त्यातले काय उचलले? १२० तास सोडले, परीक्षा सोडली, वय सोडले. उचलला फक्त स्क्रू!

दुसरा मुद्दा : "नाही म्हटलं तर पोरगा चोरून चालवील. त्यापेक्षा आपल्या देखत बरा." मी पंचवीस वर्षे मुलांत वावरतो आहे. चोरून काही करणारा मुलगा आणि बापाच्या परवानगीने तेच करणारा मुलगा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. चोरून करणाऱ्याला आपण चूक करतो आहोत हे ठाऊक असते. म्हणून तो बिचकतो, हळू जातो. परवानगीने करणाऱ्याला काहीच ठाऊक नसते. त्यातून ज्या मुलाला गाडीचा संगणक बापापेक्षा चांगला कळतो, तो हा कमी केलेला बूस्ट एका दुपारी मित्राच्या लॅपटॉपवरून परत वाढवून घेईल. बापाला कळणारसुद्धा नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत झोंबणारा आहे : "आणि तुमची गावची पोरं काय करतात?" हा प्रश्न मला त्या वडिलांनी विचारला नाही. तो माझ्या घरातून आला. मुलीच्या अपघाताबद्दल मी रात्री जेवताना तावातावाने बोलत होतो. बायको वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "दळण आणायला बाळूला स्कूटर कोण देतं? तुम्हीच ना?" माझा बाळू दहावीत आहे. माझा घास हातात राहिला. आमच्या आळीत विचारा, नाक्यावर विचारा : गिरणी, दूध, क्लास, रेशन, सगळी कामे या पंधरा-सोळा वर्षांच्या स्वारांवर चालली आहेत. कायद्याने सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी, तीही परवाना काढून. तेव्हा श्रीमंताच्या पोराला शिव्या देऊन गरिबाच्या किंवा मास्तरांच्या पोराला पाठीशी घालण्याचा अधिकार मला नाही. त्या रात्रीपासून स्कूटरची चावी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. बाळू आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. दळण सायकलवरून येते. पीठ तेच असते.

आता पुण्याची गोष्ट. ती कोणी विसरले नसेल, पण दिवाळीच्या फराळापुढे पुन्हा सांगतो, कारण घरची सगळी माणसे एकत्र बसलेली आहेत. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे कंपनीच्या एका मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना ठार केले. दोघेही चोवीस वर्षांचे. मोटार चालवत होता म्हणून पकडलेला मुलगा सतरा वर्षांचा. कोट्यवधींची ती मोटार नोंदणीशिवाय रस्त्यावर होती, आणि नोंदणीसाठी भरायची बाकी रक्कम होती १,७५८ रुपये. मुलाला काही तासांतच जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत एक अट होती : अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला, आणि मग तो हुकूम बदलला गेला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. ते सगळे न्यायालयाचे काम. त्यात मी पडत नाही. पण निबंध हा माझा धंदा आहे, म्हणून त्याबद्दल बोलतो. मी आजवर हजारो निबंध तपासले. 'माझा आवडता सण', 'मी पंतप्रधान झालो तर', 'पावसाळ्यातील एक दिवस'. तीनशे शब्दांत काय मावते आणि काय मावत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. दोन माणसे मावत नाहीत.

आणि बूस्टवाल्यांसाठी या घटनेत एक खास धडा आहे. ती पुण्याची मोटार विजेवर चालणारी होती. तिच्यात इंजिन नाही, धूर नाही, म्हणून खऱ्या अर्थाने टर्बोही नाही. (तरी त्या कंपनीच्या विजेच्या गाड्यांतल्या महागड्या प्रकारांना 'टर्बो' हेच नाव आहे, नावातसुद्धा जोर विकला जातो!) तिथे कोणती झडप लवकर उघडणार होता? एकच झडप शिल्लक राहते, आणि ती गाडीत नसते. ती घरात असते. तिचे नाव 'नाही'.

हे 'नाही' कायद्याने बापाच्या तोंडी कधीच घातले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पालकाला सुटायला एकच वाट ठेवली आहे : मला हे माहीत नव्हते, किंवा हे होऊ नये म्हणून मी सर्व काळजी घेतली होती, असे त्याने सिद्ध करावे.

आता सांगा, 'मुलासाठी बूस्ट कमी करा' म्हणणारा बाप ही वाट कशी धरणार? त्याने तर आपल्याला सगळे माहीत होते, याची ग्वाही एका मेकॅनिकपुढे स्वतःच्या तोंडाने दिली. काळजी घेतली असेल तर ती गाडीची घेतली, स्वतःच्या मनाची घेतली. रस्त्याची नाही घेतली.

'नाही' म्हणणे इतके का अवघड झाले आहे? आमच्याच कर्जत तालुक्यात माथेरान आहे. रुग्णवाहिका आणि अलीकडच्या थोड्या ई-रिक्षा सोडल्या, तर तिथे मोटारीला मज्जाव. दस्तुरी नाक्यावर कितीही मोठ्या माणसाची, कितीही अश्वशक्तीची गाडी असो. ती तिथे ठेवायची, चावी खिशात टाकायची आणि चालू लागायचे. अर्ध्या बूस्टवर सोडता का, असे तिथे कोणी विचारत नाही. कोणाचा अपमान होत नाही, कोणाचे बालपण करपत नाही. उलट मुले लाल माती उडवत, माकडांना चणे दाखवत आनंदाने चालतात. साहेबांची मुलेही त्यांत असतात. म्हणजे 'नाही' ऐकायची सवय आपल्याला आहे. फक्त ते दुसऱ्या कोणीतरी म्हणावे, असे वाटते. आपल्या मुलाला आपण 'नाही' म्हणायचे म्हटले की जीभ जड होते, आणि मग ते म्हणण्यासाठी मेकॅनिकला पैसे द्यावे लागतात.

हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते सगळं खरं गुरुजी, पण मी गिऱ्हाइकाला काय सांगू? मी नाही केलं तर दुसरा करील."

मी म्हटले, "अरे, तू काम कर. नाही म्हणूच नको. फक्त पक्की पावती दे, आणि काम कशासाठी केलं ते पावतीवर लिही. व्याकरण मी तपासून देतो."

त्याने खरोखरच लिहून आणले. मी एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली, बाकी ठीक होते : 'मालकांच्या सूचनेनुसार, त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला गाडी चालवता यावी म्हणून बूस्ट कमी केला. यामुळे गाडी सुरक्षित झाली असे समजू नये.' चाळीस वर्षे निबंध लिहिले तरी मला याहून चांगली दोन वाक्ये लिहिता येणार नाहीत.

कामाला हात लावण्यापूर्वी त्याने तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढून परत दिला, आणि गाडी तशीच घेऊन गेले. पुढे त्यांनी काय केले ते मला ठाऊक नाही. दुसरीकडे जाऊन काम करून घेतले असेल. किंवा चार महिने थांबायचे ठरवले असेल. मी दुसरेच खरे मानून चालतो. दिवाळीत माणसाने थोडे आशावादी असावे.

वाचकहो, पाडव्याला आपल्याकडे नवी गाडी घरी आणायची रीत आहे. झेंडूची माळ घालतो, कुंकवाचे स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. मग चावी कोणाच्या तरी हातात देतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. यंदा त्या क्षणी एवढेच बघा, तो हात कोणाचा आहे. अठरा पूर्ण झालेला, परवाना असलेला, शिकलेला हात असेल तर माझ्याही टाळ्या त्यात मिळवा. नसेल तर चावी आपल्या खिशात ठेवा. पोरगे रुसेल. रुसू द्या. रुसलेले पोर आठ दिवसांत जेवायला येते, माझे आले.

आमची ती मुलगी आता दहावीत आहे. सुट्टी संपली की सकाळी ती पुन्हा त्याच रस्त्याने शाळेला येईल, डाव्या पायाने किंचित लंगडत, गटाराच्या कडेकडेने. तुमची मोटार त्या वळणावर आली, तर ती मुलगी उजवीकडे असेल.